जुन्या डेस्कटॉपला अतिरुंद मॉनिटर चालेल का? आधी पोर्ट पाहा, मग पडदा

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. आपल्याकडे चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला डेस्कटॉप आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, मागच्या बाजूला व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय अशी तीन पोर्ट आहेत आणि आजवर त्याला १९ इंची चौकोनी मॉनिटर जोडलेला होता. तो आता बंद पडला आहे. त्याच्या जागी ३४ इंची, ३४४० × १४४० रिझोल्यूशनचा (म्हणजे आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके, ज्यांना पिक्सेल म्हणतात) अतिरुंद मॉनिटर घेण्याचा आपला विचार आहे. काम मुख्यतः हिशेबाचे मोठे तक्ते, मराठी दस्तऐवजांचे वाचन आणि अधूनमधून चित्रपट. आपण विचारले आहे, ‘हा मॉनिटर माझ्या संगणकाला चालेल का?’

या ‘चालेल का’चे दोन अर्थ होतात आणि संगणक जोडून देण्याच्या माझ्या कामात निम्मे घोटाळे या दोन अर्थांची सरमिसळ झाल्यामुळे होताना मी पाहिले आहेत. केबल लावल्यावर पडद्यावर काहीतरी दिसेल का, या अर्थाने विचारत असाल, तर उत्तर बहुधा ‘हो’ असे आहे. पण पडद्यावर जितके पिक्सेल आहेत ते सगळे, सेकंदाला ६० वेळा ताजे होऊन, अक्षरे न ताणता दिसतील का, या अर्थाने विचारत असाल, तर आपल्या आत्ताच्या संगणकावर उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही, पण तो समजण्यासाठी मॉनिटरच्या जाहिरातीकडे न बघता संगणकाच्या पाठीमागे बघायला हवे.

प्रत्येक पोर्टला दर सेकंदाला किती पिक्सेल बाहेर पाठवता येतात याची एक ठरलेली मर्यादा असते. ती मर्यादा पोर्टच्या आकारावरून कळत नाही, कारण २००२ सालच्या पहिल्या एचडीएमआयचे तोंड आणि आजच्या एचडीएमआयचे तोंड सारखेच आहे, पण आतली क्षमता कित्येक पटींनी बदललेली आहे. आपल्या पिढीचे प्रोसेसर २०१३ साली आले. त्यांच्या एचडीएमआयमधून सेकंदाला जास्तीत जास्त ३०० दशलक्ष पिक्सेल जातात. डीव्हीआय या प्रोसेसरांच्या बाबतीत एकेरी जोडणीचे असते आणि त्याची मर्यादा १६५ दशलक्ष आहे. व्हीजीए हे १९८७ सालचे अ‍ॅनालॉग पोर्ट आहे. त्यावर १९२० × १०८० चे चित्र येते, पण कडा किंचित मऊ दिसतात, आणि ३४४० × १४४० च्या मॉनिटरना व्हीजीएचे तोंड सहसा नसतेच.

आता गुणाकार करून पाहू. ३४४० गुणिले १४४० म्हणजे ४९ लाख ५३ हजार ६०० पिक्सेल, आणि सेकंदाला ६० वेळा म्हणजे सुमारे २९७ दशलक्ष. मर्यादा ३०० ची आहे, म्हणजे काठावर का होईना पण बसते, असे कोणालाही वाटेल. मलाही एकदा वाटले होते आणि मी एका ओळखीच्या गृहस्थांना तसे ठामपणे सांगूनही बसले होते. यात सुटलेली गोष्ट अशी, की मॉनिटरकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये दिसणाऱ्या पिक्सेलांच्या जोडीला काही रिकामा काळही पाठवावा लागतो. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये किरण एक ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत जाई, त्याला वेळ द्यावा लागे. नळी गेली, पण तो रिकामा काळ, पुष्कळ कमी होऊन का होईना, सिग्नलमध्ये टिकून राहिला. तो धरला की ३४४० × १४४० चा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा, हिशेब सुमारे ३२० दशलक्षांवर जातो आणि ३०० ची मर्यादा ओलांडतो. त्या गृहस्थांच्या संगणकावर शेवटी ५० हर्ट्झवर चित्र आले, कारण ५० हर्ट्झला हाच हिशेब सुमारे २६५ दशलक्ष होतो.

५० हर्ट्झ वाईट असते का? वाचन आणि तक्ते यांसाठी ते चालून जाते, आणि बऱ्याच जणांना फरक जाणवतही नाही. मात्र मॉनिटरने स्वतःहून ५० हर्ट्झचा पर्याय संगणकाला कळवला पाहिजे. मॉनिटर जोडला की तो आपल्याला कोणकोणती रिझोल्यूशन चालतात याची एक छोटी यादी केबलवरूनच संगणकाकडे पाठवतो, आणि ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, साधारणपणे त्या यादीबाहेर जात नाही. यादीत ५० हर्ट्झ नसेल तर संगणक ३० हर्ट्झवर उतरतो किंवा कमी रिझोल्यूशन घेऊन चित्र ताणतो. ३० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. माउसचा बाण हाताच्या मागून ओढल्यासारखा येतो आणि लांबलचक तक्ता खाली सरकवताना तो धक्के खात जातो. दिवसभर असे काम करणे मी कोणालाही सुचवणार नाही.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक बाब नोंदवते. वर दिलेली ३०० दशलक्षांची मर्यादा प्रोसेसरची आहे. मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पाटी, बनवणाऱ्याने तेवढी क्षमता पोर्टपर्यंत आणलेली असतेच असे नाही. काही बोर्डांच्या माहितीपुस्तिकेत एचडीएमआयसाठी १९२० × १२०० एवढीच मर्यादा लिहिलेली असते. म्हणून बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक वाचून त्याची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि ‘कमाल रिझोल्यूशन’ ही ओळ पाहा. संपूर्ण कॅबिनेटला ‘सीपीयू’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे आणि त्यामुळे ‘सीपीयूवर कुठे लिहिले आहे’ असे मला अनेकदा विचारले जाते; तर तो क्रमांक कॅबिनेटवर नसून आतल्या मोठ्या हिरव्या किंवा काळ्या पाटीवर ठळक अक्षरांत असतो. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे इंग्रजीत टाइप केले तर ‘बेसबोर्ड’च्या ओळीतही तो सापडतो.

पोर्टची बाजू एवढी पाहून झाल्यावर पडद्याकडे येऊ, आणि इथे मला आपल्या निवडीबद्दलच थोडे बोलायचे आहे. मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, त्यामुळे पडदा जितका रुंद आणि बुटका, तितके त्याचे इंच फसवे होतात. आपला जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर सुमारे ३० सेंटिमीटर उंच होता. २९ इंची अतिरुंद मॉनिटर मोजला तर त्याची उंची साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच भरते, म्हणजे दहा इंच ‘मोठा’ पडदा आणूनही उंची कमीच होते. मी स्वतःसाठी पहिला अतिरुंद मॉनिटर हाच घेतला होता. रुंदीच्या कौतुकात चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी लक्षात आले, की पत्राचे एक पान सलग वाचायला मला पूर्वीपेक्षा जास्त वेळा खाली सरकवावे लागते आहे.

तक्त्यांच्या कामात हे आणखी बोचते. आपल्या जुन्या मॉनिटरवर उभे १०२४ पिक्सेल होते. एक्सेलमधली नेहमीची ओळ २० पिक्सेल उंच असते. २५६० × १०८० च्या मॉनिटरवर उभे १०८० पिक्सेल, म्हणजे तीन ओळीसुद्धा पुरत्या वाढत नाहीत. स्तंभ मात्र दुप्पट दिसतात. १४४० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर साधारण वीस ओळी वाढतात. आपले तक्ते आडवे लांब आहेत की उभे लांब आहेत, हे आपल्यालाच माहीत. वर्षाचे बारा महिने आडवे मांडून काम करणाऱ्याला रुंदीचा खरा उपयोग होतो, पण नोंदवहीसारख्या हजारो ओळी खाली खाली जात असतील तर रुंदीपेक्षा उंची विकत घ्यावी.

या दृष्टीने पाहिले तर ३४ इंची ३४४० × १४४० ही आपली निवड चुकीची नाही. तिची उंची ३३ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते, रुंदी जवळजवळ ८० सेंटिमीटर. आता याच्या शेजारी नेहमीच्या १६:९ प्रमाणातला २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर ठेवा : उंची साडेतेहेतीस सेंटिमीटर, रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. म्हणजे उंची तीच, अक्षरांचा बारीकपणा तोच आणि ३४ इंची पडद्यात उजव्या बाजूला वीस सेंटिमीटरची जास्तीची पट्टी. त्या पट्टीची आपल्याला किती गरज आहे, एवढाच दोन्हींतला फरक आहे. दोन दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम रोजचे असेल तर ती पट्टी फार कामाची आहे. नसेल तर तिथे फक्त डेस्कटॉपचा वॉलपेपर दिसत राहतो.

एक पर्याय मात्र मी स्पष्टपणे टाळायला सांगेन : ३४ इंची, पण २५६० × १०८० रिझोल्यूशनचा. तो स्वस्त मिळतो आणि छायाचित्रात दुसऱ्यासारखाच दिसतो, म्हणून लोक फसतात. त्यात इंचाला ८२ पिक्सेल पडतात, तर ३४४० × १४४० मध्ये ११० पडतात. रोमन लिपी वाचणाऱ्याला ८२ कदाचित निभावून जाईल, पण आपल्याला मराठी दस्तऐवज वाचायचे आहेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ह्म’ यांसारखी जोडाक्षरे. हे सगळे त्याच ओळीच्या उंचीत बसवायचे म्हणजे अक्षराच्या मुख्य भागाला रोमनपेक्षा कमीच पिक्सेल मिळतात. विरळ पडद्यावर लहान अक्षरांत ‘घ’ आणि ‘ध’ ओळखताना डोळे बारीक करावे लागतात. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडून असा पडदा पंधरा दिवसांत बदलून घेतला आणि तेव्हापासून मी मॉनिटर दाखवताना त्यावर लहान आकारातला मराठी परिच्छेद उघडूनच दाखवते.

याच्या उलट टोकाला २७ इंची, ३८४० × २१६० चा मॉनिटर येतो. त्यावर अक्षरे छापल्यासारखी सुरेख दिसतात, कारण इंचाला १६३ पिक्सेल पडतात. पण आपल्या एचडीएमआयवर तो ३० हर्ट्झच्या वर जाणार नाही, आणि मूळ आकारात अक्षरे इतकी लहान होतात की विंडोजमध्ये दीडपट मोठी करावी लागतात. काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर अशी मोठी केल्यावर धूसर दिसतात.

तेव्हा आतापर्यंतचा हिशेब असा, की काहीही जास्तीचे न घालता आत्ताचाच संगणक वापरायचा असेल तर २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर घ्यावा. ६० हर्ट्झवर त्याला सुमारे २४२ दशलक्ष लागतात आणि ते आपल्या एचडीएमआयच्या मर्यादेत आरामात बसतात, बोर्डाची माहितीपुस्तिका आड येत नसेल तर. डीव्हीआयवर तो पूर्ण रिझोल्यूशनला चालणार नाही. आणि ३४ इंचीच हवा असेल तर सोबत डिस्प्लेपोर्ट (आपल्या एचडीएमआयपेक्षा जास्त क्षमतेचे वेगळे पोर्ट) असलेले एक छोटे ग्राफिक्स कार्ड बसवावे.

ग्राफिक्स कार्ड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खेळांसाठीची मोठी, पंखेवाली कार्डे येतात. आपल्या कामाला त्यांची काही गरज नाही. ३४४० × १४४० चे एक स्थिर चित्र साठवायला सुमारे २० मेगाबाइट पुरतात. तक्ते आणि दस्तऐवज दाखवण्यासाठी कोणत्याही आधुनिक साध्या कार्डाची ताकद पुरून उरते. खेळ खेळायचे असते तर गोष्ट वेगळी होती, कारण १९२० × १०८० च्या मानाने या पडद्यावर जवळजवळ दोन पूर्णांक चार पट पिक्सेल दर वेळी नव्याने रंगवावे लागतात. आपल्याला कार्ड हवे आहे ते केवळ पोर्टसाठी. डिस्प्लेपोर्ट १.२ सुद्धा या पडद्याला ६० हर्ट्झवर लागणाऱ्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक देते. कार्ड निवडताना तीन गोष्टी तपासा : ते केवळ मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या विजेवर, म्हणजे ७५ वॅटच्या आत, चालणारे असावे, आपले कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड त्यात आवळायची अर्ध्या उंचीची पट्टी सोबत असावी, आणि डिस्प्लेपोर्टचे तोंड प्रत्यक्ष असावे, कारण स्वस्त कार्डांत अजूनही केवळ व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय देतात आणि मग आपण होतो तिथेच राहतो.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या जुन्या पोर्टला नव्हे. हे सांगायला नको असे वाटेल, पण ‘कार्ड टाकले तरी काही फरक नाही’ अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच पाहते आणि बहुतेक वेळा पुढे काही पाहावे लागत नाही.

अ‍ॅडाप्टरबद्दल आपण विचारले नाही, पण विचार मनात येईलच, की एचडीएमआयला एखादा तुकडा जोडून डिस्प्लेपोर्ट करता येईल का. साध्या, स्वस्त केबलने नाही. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणाऱ्या केबली सर्रास मिळतात, पण त्या एकाच दिशेने चालतात : संगणकाच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली तर पडदा काळाच राहतो. उलट दिशेसाठी स्वतंत्र वीज घेणारा परिवर्तक लागतो, आणि तो लावला तरी एचडीएमआयची ३०० ची मर्यादा जिथल्या तिथेच राहते.

चित्रपटांपुरते सांगायचे, तर पुष्कळ चित्रपट २.३९ : १ या प्रमाणात असतात आणि ते अतिरुंद पडदा पूर्ण भरतात. पण दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम आणि बहुतेक ऑनलाइन चित्रफिती १६:९ प्रमाणात असतात, त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलांच्या काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्र २७ इंची मॉनिटरवर दिसेल तेवढेच दिसते.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या आतल्या पटलाच्या, प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. वाचन आणि तक्त्यांसाठी आयपीएस नावाचा प्रकार घ्या. अंधाऱ्या खोलीत चित्रपट हा मुख्य उपयोग असेल तर व्हीए या प्रकाराचा काळा रंग अधिक गडद असतो. वक्र पडद्यावर ‘१८०० आर’ असे लिहिलेले असते, ते १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असा अर्थ. ३४ इंचीला थोडी वक्रता सोयीची वाटते, २७ इंचीला तिची गरज नाही.

टेबलाची खोली मात्र मोजून पाहा. ८० सेंटिमीटर रुंद पडद्याच्या दोन्ही कडा मान न वळवता दिसायच्या असतील तर डोळ्यांपासून निदान ७० सेंटिमीटर अंतर हवे, आणि या मॉनिटरांचे पाय मागेपुढे बरीच जागा खातात. टेबल उथळ असेल तर मागे १०० × १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके असलेला मॉनिटर घेऊन तो भिंतीवरच्या किंवा टेबलाला आवळायच्या आधारावर बसवता येतो.

आणखी एक विचार आपल्या निर्णयावर परिणाम करू शकेल. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य केले आहेत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणजे आपला संगणक बदलण्याची वेळ या मॉनिटरच्या आयुष्यातच येणार आहे. म्हणून आज कोणताही पडदा घेतला, तरी त्यावर एचडीएमआयच्या जोडीला डिस्प्लेपोर्ट असल्याची खात्री करा. यूएसबी-सी असेल तर उत्तमच. या कारणामुळे मी आपल्या जागी असते तर केवळ आजच्या संगणकाला झेपत नाही म्हणून ३४ इंची सोडला नसता. मॉनिटर आत्ता घेतला असता, बोर्डाच्या पुस्तिकेत आणि मॉनिटरच्या पुस्तिकेत ५० हर्ट्झ बसते आहे असे दिसले तर तूर्त एचडीएमआयवर चालवला असता, आणि कार्डाचा खर्च नव्या संगणकाकडे वळवला असता. माहितीपुस्तिकेत १९२० × १२०० असे निघाले, तर मात्र कार्डाशिवाय गत्यंतर नाही.

मॉनिटर घरी आल्यावर पहिल्या दिवशी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशनच्या पुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेलाच आकडा निवडलेला आहे ना, आणि प्रगत सेटिंगमध्ये किती हर्ट्झ दिसतात, हे पाहा. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी किंवा कडा कापलेल्या दिसल्या, तर संगणक मॉनिटरला टीव्ही समजतो आहे. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रंगांची श्रेणी ‘फुल’ करा आणि मॉनिटरच्या मेनूत चित्राचा आकार मूळ प्रमाणावर ठेवा. शेवटी पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून मेलेले, म्हणजे रंग न बदलणारे, पिक्सेल शोधा. हे काम परत करण्याची मुदत संपायच्या आत करायचे असते, म्हणून खोके तोपर्यंत फेकू नका.

बोर्डाचा मॉडेल क्रमांक आणि कॅबिनेट बारीक आहे की पूर्ण उंचीचे, एवढे कळवलेत तर कार्डाबद्दल अधिक नेमके सांगता येईल.